उशिरा काढलेली दाढ : दात काढण्याविषयीच्या भीती आणि समजुतींचा आढावा

दात किंवा दाढ काढून घेण्याविषयीच्या समजुती महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत थोड्याफार फरकाने सारख्याच आढळतात. वरची दाढ काढली की नजर जाते, अक्कलदाढ काढली की डोक्यावर परिणाम होतो, एक दात काढला की शेजारचे हलू लागतात, गरोदर बाईने किंवा साखर असलेल्या माणसाने दाताला हात लावू देऊ नये, सूज असताना दात काढला तर विष अंगभर पसरते, या त्यांतील ठळक समजुती होत. त्या एकेक करून खोडून काढणे फारसे अवघड नाही, आणि दवाखान्यांच्या भिंतींवरचे तक्ते ते काम करतही असतात. मात्र या समजुती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या सर्वांच्या मुळाशी एकच गफलत असल्याचे ध्यानात येते : जे नुकसान दाताच्या रोगाने किंवा उपचाराला झालेल्या उशिराने होते, त्याचा दोष दात काढण्याच्या कृतीवर टाकला जातो. भीतीपोटी माणूस उशिरा येतो, उशिरा आल्यामुळे दात अधिक बिघडलेल्या अवस्थेत काढावा लागतो, त्यात त्रास जास्त होतो, आणि त्या त्रासाची हकिकत गावात पसरून आणखी काही जणांना उशीर करायला लावते. हे चक्र समजून घेतल्याशिवाय केवळ ‘हे खोटे आहे’ असे सांगत राहण्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, हा जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीचा आहे, कारण त्याच्या १४ तालुक्यांत एकमेकांपासून फार वेगळी अशी दोन जगे नांदतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचा उत्तर भाग प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर वाढलेला, उसाचा आणि सहकाराचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना लोणीजवळचा, आणि जिल्ह्यातील दंत महाविद्यालयांपैकी लोणीचे व संगमनेरलगतच्या घुलेवाडीचे याच पट्ट्यात आहे. दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव हे तालुके अवर्षणाचे असून तेथील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. जामखेडच्या माणसाला लोणी शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडते. तालुक्याच्या गावी आता खासगी दंतवैद्य आहेत, परंतु वाडीवस्तीवरून तिथवर जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे होय. दाढ ठणकू लागल्यावर माणूस प्रथम मेडिकलवरून गोळी का आणतो, याचे उत्तर अंधश्रद्धेत शोधण्याआधी या हिशेबात शोधावे लागते.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट समजूत वरच्या दाताची व डोळ्याची आहे. ती अडाणीपणातून उपजली असे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही, कारण तिला शास्त्रग्रंथाचा आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील मुखरोगांवरील बाविसाव्या अध्यायात दंतनाडीचा, म्हणजे दाताच्या मुळाशी पू साचून हिरडीतून वाहू लागलेल्या छिद्राचा, उपचार सांगताना ग्रंथकाराने दोन गोष्टी लागोपाठ मांडल्या आहेत. ज्या दाताशी अशी नाडी निर्माण झाली तो दात मुळासकट काढावा, कारण त्याची उपेक्षा केली तर ती जबड्याच्या हाडात शिरून हाड पोखरते, ही पहिली गोष्ट. घट्ट बसलेला वरचा दात काढला असता अतिरक्तस्राव होऊन घोर विकार उद्भवतात, माणूस काणा होतो किंवा त्याला अर्दित, म्हणजे तोंड वाकडे करणारा पक्षाघात होतो, म्हणून हलत असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये, ही दुसरी. भूल नाही, रक्त थांबवण्याची खात्रीची साधने नाहीत, जंतुसंसर्गावर औषध नाही, अशा काळी शल्यकर्म करणाऱ्याने घातलेली ही मर्यादा समजण्यासारखी आहे. वरच्या जबड्यातील पू चेहऱ्यात आणि डोळ्याच्या खोबणीत पसरलेले रोगी त्याने पाहिले असणे शक्य आहे. आजची लोकसमजूत थेट या ग्रंथातून उतरली असे सिद्ध करणे कठीण आहे. पण लोकांच्या तोंडी काय उरले हे पाहण्याजोगे आहे : वरचा दात काढू नये हा निषेध टिकला, आणि सडलेला दात ठेवला तर हाड जाते हा त्याच्या आधीचा, तितकाच ठाम इशारा मात्र विसरला गेला.

शरीररचनेच्या दृष्टीने पाहता दृष्टीची नस आणि दातांची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची, तर दातांच्या संवेदना पाचव्या जोडीकडे असतात. या पाचव्या मज्जातंतूच्या तीन शाखा होतात. पहिली कपाळ व डोळ्याच्या परिसरातील स्पर्श आणि वेदना वाहून नेते, दुसरी वरच्या जबड्याच्या, तिसरी खालच्या. दुसरी शाखा डोळ्याच्या खोबणीच्या तळाखालून जात असल्यामुळे वरचा सुळा किंवा दाढ दुखू लागली की ठणका डोळ्याखाली आणि कानशिलापर्यंत जाणवतो, आणि ‘डोळ्याची नस दाताला जोडलेली आहे’ हा रोग्याचा अनुभव त्याच्यापुरता खराच असतो. चूक होते ती पुढच्या अनुमानात. वेदना जाणवणारी नस वेगळी आणि दिसणे ज्या नसेवर अवलंबून आहे ती वेगळी, त्यामुळे दाताच्या मुळाशी काहीही केले तरी दृष्टीची नस तुटत नाही. भुलीच्या इंजेक्शननंतर क्वचित काही तास एकाचे दोन दिसणे किंवा पापणी जड होणे असे घडते. औषध उतरले की ते आपोआप जाते.

समजूत टिकण्याचे आणखी एक कारण वयात आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, पुढे मोतीबिंदू येतो, आणि हिरड्यांच्या रोगाने दात हलू लागण्याचे, ते काढावे लागण्याचे वयही नेमके हेच असते. त्यात मधुमेह असेल तर हिरड्यांची झीज आणि डोळ्याच्या पडद्याची खराबी या दोन्ही गोष्टी एकाच रोगातून चालू असतात. दाढ काढून दोन वर्षांनी नजर मंदावली तर माणूस दोन घटनांची सांगड घालतो आणि दोन्हींच्या मागे असलेली साखर तपासायची राहून जाते. वैद्यकीय दृष्ट्या या समजुतीतला हा सर्वांत घातक भाग म्हणावा लागेल. उलट बाजूने पाहिले तर वरच्या दाताच्या मुळाशी साचलेला पू दुर्लक्षित राहिला आणि नाकाच्या बाजूने, डोळ्याच्या कोपऱ्याजवळच्या शिरेवाटे आत पसरला, तर डोळ्याला आणि मेंदूलाही धोका पोहोचू शकतो. म्हणजे डोळ्याच्या काळजीने सडका सुळा जपून ठेवणारा माणूस डोळ्याला असलेला खरा धोकाच जपत असतो.

वेदनेची भीती यापेक्षा वेगळ्या जातीची आहे, कारण ती एकेकाळी अक्षरशः योग्य होती. शस्त्रक्रियेतील भुलीच्या इतिहासाचा दात काढण्याशी जवळचा संबंध आहे : ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथर देऊन एका रोग्याचा दात काढला, त्यानंतरच बॉस्टनच्या रुग्णालयातील प्रसिद्ध जाहीर प्रयोग झाला. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि लवकरच तेच तंत्र जबड्याच्या नसेवर वापरले गेले. आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमधील नील्स लॉफग्रेन यांनी १९४३ च्या सुमारास तयार केले व १९४८ मध्ये ते बाजारात आले. ग्रामीण भागापर्यंत ते पोहोचायला आणखी काही दशके लागली. त्यामुळे आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीच्या आठवणीत भुलीशिवाय, पकडीने ओढून काढलेला दात असेल तर ती आठवण खोटी नाही. मात्र नातवाला घाबरवण्यासाठी ती आता लागू पडत नाही.

भूल दिल्यावर नेमके काय जाणवते हे रोग्याला आधी सांगितले जात नाही, आणि निम्मी भीती येथेच निर्माण होते. वेदना वाहणारे मज्जातंतू बारीक असल्याने औषधाचा परिणाम त्यांच्यावर आधी आणि पुरता होतो. दाब वाहणारे जाड तंतू काही अंशी जागे राहतात. म्हणून दात काढताना दाब, ओढ आणि हाडातून ऐकू येणारा कट असा आवाज जाणवतो, आणि ज्याला याची कल्पना नसते तो या दाबालाच दुखणे समजून ‘भूल लागलीच नाही’ असे म्हणतो. दात हाडात सिमेंटसारखा चिकटलेला नसून बारीक धाग्यांच्या अस्तराने खोबणीत टांगलेला असतो; दंतवैद्य तो सरळ ओढत नाही, तर हळूहळू हलवून ते धागे तोडतो आणि खोबण रुंदावतो. भूल कमी लागण्याचा प्रकारही खरोखर घडतो, पण त्याचे कारण बहुधा उशीर हेच असते. सुजलेल्या, पू झालेल्या जागेतील पेशीद्रव आम्लधर्मी झालेला असल्यामुळे औषध मज्जातंतूत पुरेसे शिरत नाही. पंधरा दिवस गोळ्यांवर काढून सूज आल्यावर आलेल्या माणसाला जी दाढ दुखून काढावी लागते, तीच पंधरा दिवस आधी सुखाने निघाली असती. खुर्चीवर चक्कर येणे हाही लोकांना इंजेक्शनचा दोष वाटतो. तो बहुतेक वेळा भीतीने आणि रिकाम्या पोटाने रक्तदाब क्षणभर उतरल्याचा परिणाम असतो. ऑपरेशनला उपाशी जायचे असते हे ऐकून अनेक जण दात काढायलाही उपाशी येतात, वास्तविक साध्या भुलीत दात काढायचा असेल तर जेवून जाणेच चांगले.

सूज असताना दात काढू नये, या समजुतीत अर्धे तथ्य आहे. भूल कमी लागते आणि तोंड पुरते उघडत नाही म्हणून दंतवैद्य कधी कधी दोन-तीन दिवस प्रतिजैविक देऊन थांबतो, पण याचा अर्थ सूज उतरली म्हणजे दुखणे संपले असा नव्हे. दाताच्या आतली मेलेली नस हे जंतूंचे घर असते, तिथे रक्तपुरवठा उरलेला नसल्यामुळे औषध पोहोचत नाही, आणि दात काढल्याशिवाय किंवा रूट कॅनाल करून तो आतून स्वच्छ केल्याशिवाय पुन्हा सूज येणे ठरलेले असते. हा विराम रोगी बरे झाल्याचे लक्षण मानतो आणि परत फिरकत नाही. गालाला बाहेरून शेक देण्याची पद्धत याच काळात त्रासदायक ठरते, कारण उष्णतेने पू बाहेरच्या बाजूला खेचला जाऊन गालावर किंवा हनुवटीवर फुटू शकतो आणि मग महिनोन्महिने कातडीच्या फोडाचे मलम लावले जाते, मूळ दाताकडे कुणाचे लक्षच जात नाही. खालच्या दाढांची सूज जिभेखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना उतरली तर ती जिवावर बेतू शकते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन शल्यचिकित्सकाने वर्णन केलेल्या या विकारात जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही आणि श्वास कोंडतो. अशा रोग्याने अमावास्या टळण्याची किंवा बाजाराच्या दिवसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

घरगुती उपायांचे मूल्यमापन सरसकट करता येत नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य खरोखर वेदना शमवते आणि दंतवैद्यकात त्याचा वापर होतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा निरुपद्रवी आणि उपयुक्त आहेत. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडणे हा प्रकार मात्र निव्वळ दृष्टिभ्रम आहे. कीड या नावाने ओळखला जाणारा दातांचा रोग अळीमुळे होत नाही. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच झिजवते. दातात अळी असते ही कल्पना बाबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र होती, आणि फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात तिच्याविषयी शंका घेतली तेव्हाही ती लगेच गेली नाही. धुरीनंतर भांड्यात दिसणारे पांढरे कण हे बियांतीलच असतात.

या उपायांत सर्वांत गंभीर बाब मिश्रीची. तंबाखू भाजून केलेल्या या काळ्या भुकटीने दात घासण्याची सवय ग्रामीण भागातील स्त्रियांत रुजलेली असून ती बहुधा दुखऱ्या दातावरचा उपाय म्हणून सुरू होते. तंबाखूने हिरडी तात्पुरती बधिर झाल्यासारखी वाटते, दुखणे दबते आणि सवय लागते. ‘दाढ काढली आणि कॅन्सर झाला’ या अत्यंत प्रचलित भीतीचा उगमही तंबाखूजवळच शोधला पाहिजे. हिरडीवर किंवा गालाच्या आत कर्करोगाची गाठ वाढू लागली की तेथील हाड पोखरून दात हलू लागतो. रोगी हलणारा दात काढून घेतो, जखम भरत नाही, तपासणीत कर्करोग निघतो आणि दोष पकडीला जातो. दात काढल्याने कर्करोग होत नाही. पण या भीतीतून उपयोगी पडणारा एक निकष घेता येतो : दात काढल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत जखम भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर तिचा तुकडा तपासायला पाठवला पाहिजे. सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडलेल्या, दोन बोटेही आत जात नाहीत अशा माणसाची दाढ काढणे खरोखरीच अवघड असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही असे रोगी कमी झालेले दिसत नाहीत.

इतर आजारांबरोबर दात काढण्याविषयीच्या समजुतींत ‘जपून करावे’ आणि ‘करूच नये’ यांतील फरक पुसला गेलेला आहे. नियंत्रणात असलेल्या मधुमेहात दात काढता येतो, आणि हिरड्यांतील जुना संसर्ग साखर वाढवत असल्यामुळे तो दूर करणे साखरेच्याही हिताचे असते. उच्च रक्तदाबाच्या रोग्याला दिल्या जाणाऱ्या भुलीत अॅड्रेनॅलिनचे प्रमाण ८०,००० भागांत एक किंवा २,००,००० भागांत एक इतके अल्प असते. अपुऱ्या भुलीत होणाऱ्या वेदनेने शरीर स्वतः जे अॅड्रेनॅलिन सोडते ते याहून अधिक असू शकते. हृदयविकारासाठी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ घेणारे कित्येक जण दात काढायचा म्हणून ती मनानेच आठवडाभर बंद करतात. ही गोष्ट दातापेक्षा कितीतरी धोकादायक आहे, कारण खोबणीतील रक्त दाबून, टाके घालून थांबवता येते, परंतु हृदयातील किंवा मेंदूतील गुठळीला तसा इलाज नसतो. गर्भारपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात गरजेचा दात काढणे सुरक्षित मानले जाते आणि लिग्नोकेनही चालते. पोटातले मूल आईच्या दातांतील चुना ओढून घेते ही कल्पना चुकीची आहे, त्या काळात बदललेल्या संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात आणि उलट्यांच्या आम्लाने दात झिजतात, एवढेच. खरी सावधगिरी ज्यांनी बाळगायची, त्यांच्याविषयी लोकांत भीती जवळजवळ नाहीच. जबड्यावर किरणोपचार घेतलेले रोगी, हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे घेणारे, हृदयात कृत्रिम झडप बसवलेले, किंवा जन्मतः रक्त गोठण्याचा विकार असलेले, यांनी दात काढण्याआधी ती माहिती सांगितलीच पाहिजे, आणि किरणोपचार ठरला असेल तर बिघडलेले दात त्याआधी दोन-तीन आठवडे काढून घेतले पाहिजेत.

अक्कलदाढेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती सतरा ते पंचवीस या वयात येते म्हणून तिला ते नाव मिळाले. तिचा मेंदूशी संबंध नाही. तिच्या मुळांजवळून खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जाते, त्यामुळे आडव्या रुतलेल्या दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा ओठ काही आठवडे बधिर राहतो, कायमची बधिरता शंभरात एकाहूनही कमी जणांत येते. हा धोका क्ष-किरण चित्र पाहून आधी सांगता येतो आणि सांगितला गेला पाहिजे.

लहान मुलांच्या बाबतीत भीती मोठ्यांची असते. दुधाचे २० दात पडायचेच असतात, म्हणून त्यांची कीड सोडून द्यायची, हा समज घरोघरी आहे. पडलेला दात कौलावर टाकण्याची किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची गमतीची रीतही त्याला पोसते. दुधाची दाढ वेळेआधी गेली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्क्या दाताला वाकडे यावे लागते. याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते. त्या वेळी दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. आधी काही पडले नाही म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात, ती किडली तरी ‘पडून दुसरी येईल’ म्हणून थांबतात, आणि आठव्या-नवव्या वर्षी ती काढावी लागते तेव्हा मुलाने आयुष्यभराचा दात गमावलेला असतो. अभ्यास केला नाही तर सुई टोचायला नेईन, ही धमकी देणाऱ्या घरात त्या मुलाला दंतवैद्याकडे वेळेवर नेणे आणखी अवघड होते.

आतापर्यंत भीतीचा विचार झाला. तिच्या पाठीशी तिच्या उलट टोकाची घाई उभी असते, आणि आढावा घेणाऱ्या लेखनात ती बहुधा निसटते. जो माणूस सहा महिने दात काढायला घाबरतो तोच ठणका असह्य झाल्यावर खुर्चीत बसताक्षणी ‘काढूनच टाका’ असे म्हणतो, आणि वाचवता येणारी दाढही काढून घेतो. ‘नस मारलेला’ दात टिकत नाही, त्यावर पैसे घालवण्यापेक्षा काढलेला बरा, हा समज त्यामागे असतो; त्याहून जास्त परिणाम वेळापत्रकाचा असतो. रूट कॅनालला दोन-तीन खेपा आणि वर टोपी बसवण्याचा खर्च लागतो. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन बाहेर पडतात आणि हंगाम संपेपर्यंत फडावरच राहतात. कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीचा, एक खाडा म्हणजे दंड किंवा बुडालेली मजुरी, त्यामुळे फडावर दाढ ठणकली तर गोळी आणि मिश्री, गावी परतल्यावर सरळ काढणे, असाच क्रम बसतो. या निर्णयाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

घाईची चूक शिकलेल्यांनीही केली आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियल येथील भाषणात दातांतील संसर्गावर अनेक रोगांचे खापर फोडले, आणि पुढील दोन-तीन दशके पाश्चात्य देशांत संधिवातापासून मानसिक आजारापर्यंत अनेक विकारांवर उपाय म्हणून असंख्य निरोगी दात उपटले गेले. पुरावा नाही म्हणून ही लाट ओसरली तेव्हा अनेकांच्या तोंडात कवळी आलेली होती.

दात काढल्यानंतरचे परिणामही या दोन टोकांमध्ये हरवतात. एक दात काढला की बाकीचे ढिले होतात हे खरे नाही. हिरड्यांचा रोग साऱ्या तोंडात असतो, त्यामुळे पहिल्यानंतर दुसराही हलू लागतो, एवढाच त्याचा अर्थ. मात्र मोकळी जागा तशीच सोडली तर काही महिन्यांत शेजारचा दात तिकडे कलतो, समोरचा दात उतरू लागतो, घास अडकतो आणि नवी कीड सुरू होते. खोबणीभोवतालच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्मी होते, म्हणून अनेक दात गेलेल्या माणसाचे गाल बसतात. दात काढला म्हणजे विषय संपला, हा गैरसमज भीतीइतकाच महाग पडतो.

पथ्याच्या समजुतींत मात्र बारकावा पाहायला हवा. भात खाल्ला की पू होतो, वांगे आणि आंबट खाल्ले की जखम चिघळते, थंड घेतले की सूज वाढते, यांना आधार नाही. मऊ भात आणि थंड दूध पहिल्या दिवशी चांगलेच. ज्याने खरोखर बिघडते ते लोक सर्रास करतात. खोबणीत साठलेले रक्त गोठून तयार झालेला गोळा हाच जखमेचा लेप असतो. वारंवार थुंकणे, जोराने चूळ भरणे, विडी ओढणे किंवा लगेच तंबाखूचा बार भरणे यांनी तो निघून जातो, हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूळ दुखण्यापेक्षा भयंकर ठणका लागतो. शंभर साध्या दातांपैकी एक ते पाच वेळा हे घडते, खालच्या अक्कलदाढेत अधिक वेळा. लाळेत मिसळलेले थोडे रक्त पुष्कळ दिसते आणि घाबरलेला माणूस थुंकतच राहतो. त्याऐवजी कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास न उचलता दाबून धरला तर रक्त बहुधा थांबते.

एक भीती अशी आहे की जी वाढली पाहिजे. बाजारात, जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्याची अवजारे एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात कावीळ-बी आणि एचआयव्हीचे विषाणू नेऊ शकतात. कायद्यानुसार नोंदणी झालेला माणूसच हे काम करू शकतो. अवजारे १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत दाबाखाली किमान पंधरा मिनिटे निर्जंतुक केली जातात की नाही, हे विचारण्याचा रोग्याला हक्क आहे. पण नेमका हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात आणि डोळ्याच्या नसेविषयी मात्र निःसंकोच विचारतात.

समजुती कोणाच्या तोंडून बदलतात याचे उत्तर याच जिल्ह्यात एकदा मिळालेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि बाळंतपण, बालसंगोपन, कुष्ठरोग यांविषयीच्या जुन्या समजुती डॉक्टरच्या भाषणापेक्षा या शेजारणींच्या शब्दाने अधिक हलल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मिळालेला मॅगसेसे पुरस्कार या कामासाठीच होता. दातांच्या बाबतीत आशा कार्यकर्तीकडे हेच काम सोपवता येण्यासारखे आहे : सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडातली पक्की दाढ ओळखणे, न भरणारी जखम पाहणे, रक्त पातळ करण्याची गोळी मनाने बंद करू न देणे, यांना दंतवैद्याची पदवी लागत नाही. आणि दक्षिणेकडील तालुक्यांत दंततपासणीची शिबिरे शाळा-महाविद्यालयांच्या सोयीने हिवाळ्यात न घेता भाद्रपदात, कोयते गावातून बाहेर पडण्याच्या आधी घेतली, तर रूट कॅनालच्या दोन-तीन खेपांना त्या कुटुंबांकडे दसऱ्यापर्यंतचा वेळ हाताशी राहतो.